एका तारेवरची नऊ घरे

सकाळी सहाला दहा मिनिटे कमी असताना हाल्वर ट्वेट मागच्या दाराने गोठ्याकडे जात असे. दार लागल्याचा आवाज आला की राग्ना चुलीत दोन लाकडे सारी, कॉफीची किटली पुढे ओढी आणि खिडकीच्या काचेवरचे दव हाताच्या पाठीने पुसून रस्त्याकडे बघे. सहा वाजून पाच मिनिटांनी ती दुधातून साय काढायच्या यंत्राचे सुटे भाग गरम पाण्यात टाकी. आणि सव्वासहाला माझ्या घंटा वाजत : एक लांब, दोन आखूड. ही खूण आमच्या घराची नव्हती. आमची खूण दोन लांब, एक आखूड. तरीही राग्ना हातातले काम टाकी, ॲप्रनला हात पुशी, भांडी पुसायचे फडके माझ्या बोलायच्या भोंग्यावर घट्ट दाबी आणि कोंबडीखालून अंडे काढावे इतक्या अलगद रिसीव्हर उचलून कानाला लावी.

मित्रांनो, मी एक जुना, भिंतीवरचा टेलिफोन आहे. आज एका गावच्या छोट्या संग्रहालयात मला जागा मिळाली आहे. शाळेची मुले येतात, माझे हँडल गरगर फिरवतात आणि पुढे पळतात. मला मात्र अजून स्वस्थता नाही. एखादे अवजड वाहन रस्त्यावरून गेले आणि भिंत हादरली की मला वाटते, कोणाची तरी खूण वाजते आहे आणि ती उचलायला घरात कोणी नाही.

माझी पेटी ओक लाकडाची. वर दोन पितळी घंटा, उजव्या बाजूला हँडल, पोटात दोन जाड बॅटऱ्या. १९१२ साली हाल्वरने मला आगगाडीने मागवले आणि सस्कॅचवान प्रांतातल्या गव्हाळ माळावरच्या आपल्या घरात, स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर बसवले. तेव्हा खांब रोवले ते शेतकऱ्यांनीच, तार ओढली तीही त्यांनीच. तिची कंपनी त्यांचीच आणि तिची वार्षिक सभा शाळेच्या खोलीत भरे. तारेची दुरुस्ती हाल्वरकडे होती. एका तारेवर नऊ घरे होती. घंटा वाजली की ती नऊही घरांत वाजे. आपापली खूण ओळखून ज्याने त्याने उचलावे असा नियम होता.

असा नियम होता, म्हणजे तो कोणी पाळत नव्हते.

तारेवर एकेक रिसीव्हर उचलला जाई तसतसा बोलणाऱ्यांचा आवाज बारीक होत जाई. इतक्या कानांना पुरेल एवढी ताकद आम्हा टेलिफोनांत नव्हती. आवाज फारच खोल गेला की बोलणारी समजे, आज बरेच जण हजर आहेत. कोण हजर आहे हेही कळे. डनबारांच्या घरातले घड्याळ लंगडत टिकटिके. आणखी एका घरात पिवळा पक्षी शीळ घाली. पण ऐकले हे कबूल करायचे नाही, ऐकलेल्यावर उघड बोलायचे नाही आणि दुसऱ्याच्या संभाषणात तोंड घालायचे नाही, ही रीत मात्र धर्माहून कडक होती. एकदा एफी डनबार ऐकता ऐकता शिंकली. बोलणारी बाई सहज म्हणाली, "देव भलं करो गं, एफी!" पलीकडून तत्काळ उत्तर आले, "मी नाहीच्चे!"

मला पहिले महायुद्ध आठवते ते एका प्रश्नाने. गावातल्या टेलिफोन केंद्रावर मिस पेटिग्रू बसत. तारा, म्हणजे टेलिग्राम, त्यांच्याकडे येत आणि त्या फोनवरून वाचून दाखवत. वाईट तार असली की त्या आधी विचारत, "बाई, जवळ खुर्ची आहे का?" त्या चार वर्षांत आमच्या तारेवर खुर्ची तीनदा मागितली गेली. त्यांतली एक खुर्ची एफी डनबारची होती. तिचा धाकटा भाऊ फ्रान्समध्ये पडला. नऊही घरांनी ते त्याच क्षणी ऐकले आणि संध्याकाळपर्यंत आठ घरांतून पाव, केक आणि उकडलेले डुकराचे मांस डनबारांकडे पोहोचले. कोणाला कसे कळले हे कोणी विचारले नाही. चोरून ऐकण्याचा असाही उपयोग असतो, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

मग आली तिसाच्या दशकातली कोरडी वर्षे. गहू वीतभर वाढून करपे. वाऱ्याबरोबर शेतेच उठून चालू लागत. धुळीच्या वादळात हवेत अशी वीज भरे की माझ्या घंटा आपोआप किणकिणत. राग्ना धावत येई, रिसीव्हर उचली आणि पलीकडे नुसती खरखर ऐकून परत ठेवी. दिवसातून दहा वेळा. मला तिच्यापुढे लाज वाटे, कारण तिला उगाच पळवणारा मीच होतो.

त्याच वर्षांत पूर्वेकडच्या लोकांनी मदत म्हणून आगगाडीच्या डब्यांतून सुकवलेले खारे मासे पाठवले. समुद्र न पाहिलेल्या आमच्या माळावर ते फळ्यांसारखे मासे घरोघर वाटले गेले.

"राग्ना, मिळाला का गं तुला तो मासा?" एफीने विचारले.

"मिळाला. तू काय केलंस?"

"दोन तास उकळला. मासा तसाच आहे, भांडं मऊ झालं."

"अगं बाई, तो आधी भिजत घालायचा असतो! आमच्या नॉर्वेत दोन दिवस भिजवतात. पाणी बदलत राहायचं, चार वेळा."

"चार वेळा पाणी? राग्ना, विहिरीत एवढं असतं तर मी गहू नसता का पिकवला?"

तेवढ्यात तिसराच आवाज आला. "आमच्याकडे खुराड्याच्या छपराला ठोकलेत. गळत नाही."

"हे कोण बोललं?"

मग तोच आवाज म्हणाला, "कोणी नाही."

त्या दिवशी नऊ घरे एकाच वेळी हसली. त्यानंतर बराच काळ तसे हसणे माझ्यातून गेले नाही.

आता त्या सव्वासहाच्या घंटेकडे येतो. ती वाजवणारी होती आगाथा फ्रीझेन, आमची पश्चिमेची शेजारीण. ती घंटा वाजे तिच्या आईसाठी. वीबे आजी आमच्या पूर्वेला, आगाथाच्या भावाकडे राहत. दोन घरांत दोन मैलांचे अंतर आणि मधोमध आमचे शेत. ही माणसे मेनोनाइट पंथाची, रशियातून आलेली. घरात जर्मनची एक जुनी बोली बोलत. आजींना दुसरी कोणतीच भाषा येत नव्हती. वय ब्याऐंशी, पाय गेलेले. मुलगी रोज विचारी, झोप लागली का, काही खाल्लं का. आणि आजी रोज विचारत, मुलीच्या शेतात ओढ्यावरच्या लाकडी पुलाशी आपल्या नवऱ्याने लावलेले रानसफरचंदाचे झाड कसे आहे. त्या कोरड्या वर्षांत फ्रीझेनांनी भांडी धुतलेले पाणी घालून ते एकच झाड जगवले होते.

राग्नाला हे कसे कळे? तिची मातृभाषा नॉर्वेजियन. त्या बोलीतले बरेच शब्द तिच्या भाषेतल्या शब्दांचे चुलतभाऊ. ऐकता ऐकता तिला निम्मे समजू लागले आणि पुढे ते निम्मे ऐकल्याशिवाय तिची सकाळ सुरू होईनाशी झाली.

१९३९ साली पुन्हा युद्ध सुरू झाले. राग्नाचा मुलगा एनार भरती झाला. कित्येक वर्षे काम नसलेल्या त्या मुलाला सैन्याने नवे बूट दिले. ते पायात घालून तो स्वयंपाकघरात उभा राहिला तेव्हा हसावे की रडावे हे राग्नाला कळेना. मुलगी सोल्वेग शहरात कारखान्यात गेली आणि सुटीला पँट घालून आली. पुढचे तीन दिवस तारेवर त्या पँटीशिवाय दुसरा विषय नव्हता. फ्रीझेनांच्या दोन्ही मुलांनी मात्र सैन्यात जायला नकार दिला. त्यांच्या धर्माला शस्त्र वर्ज्य. सरकारने त्यांना डोंगरात रस्ते बांधायला पाठवले. त्या दिवसापासून सव्वासहाला तारेवर कान वाढले आणि त्यांच्यातला आपलेपणा गेला.

ऑगस्ट १९४२. फ्रान्सच्या किनाऱ्यावर दिएप येथे आमच्या प्रांताची पोरे उतरली आणि त्यांतली कित्येक परतली नाहीत. सप्टेंबरमध्ये एका दुपारी आमची खूण वाजली. दोन लांब, एक आखूड.

"राग्ना," मिस पेटिग्रू म्हणाल्या, "जवळ खुर्ची आहे का?"

"नको मला खुर्ची. वाचा."

एनार बेपत्ता होता. मेला असे तारेत नव्हते, जिवंत आहे असेही नव्हते.

तेव्हापासून राग्ना माझ्या आवाजाच्या टप्प्याबाहेर गेली नाही. बटाटे काढायलाही वारा घराकडून शेताकडे वाहत असेल तेव्हाच जाई, म्हणजे घंटा ऐकू येईल. चर्चला जाणे तिने सोडले. जेवताना ती माझ्याकडे तोंड करून बसे. मित्रांनो, एखाद्याने सतत आपल्याकडे असे बघत राहावे आणि आपल्यापाशी त्याला द्यायला काहीच नसावे, यापेक्षा मोठा छळ मला ठाऊक नाही.

महिन्याच्या शेवटी एका सकाळी आजींनी नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांच्या बोलीत झाडाला 'बोम' म्हणतात. 'पुलाजवळचे झाड' म्हणायचे तर 'बोम बी दे ब्रिज' असे काहीसे ऐकू येते. लंगडत टिकटिकणारे घड्याळ मी त्या सकाळी स्पष्ट ऐकले. दुपारपर्यंत एफी डनबारने सगळ्या मुलखाला सांगितले होते की जर्मन बोलणाऱ्यांनी पुलाजवळ बॉम्ब ठेवला आहे. आणि आमच्या भागातून गव्हाची आणि सैनिकांची गाडी ज्या पुलावरून जाते, तोही फार लांब नव्हता.

पोलीस आला. पुलांखाली शोधले. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून फ्रीझेनांच्या झाडाभोवती खणले. मुळे तुटली, काही सापडले नाही. पोलीस टोपी सावरत, माफी मागत निघून गेला. पण खणलेला खड्डा लोकांच्या मनात तसाच राहिला. ऑक्टोबरच्या सभेत डनबारांनी सुचवले की फ्रीझेन आणि वीबे ही दोन घरे तारेवरून कमी करावीत. त्यांचे टेलिफोन कंपनीचे होते, ते काढून आणणे सोपे होते. सगळे हात वर झाले. सभेला राग्ना नव्हती. ती माझ्यापाशी बसली होती. हाल्वर होता.

दुसऱ्या दिवशी हाल्वरच पक्कड आणि शिडी घेऊन गेला आणि संध्याकाळी परतला.

"दोन्ही काढले?" राग्नाने विचारले.

"काढले."

"म्हातारी काय म्हणाली?"

"काही नाही. तिला वाटलं दुरुस्तीला नेतोय. जाताना हे दिलं." त्याने खिशातून एक छोटा गोल पाव काढून टेबलावर ठेवला. दोघांनीही त्याला हात लावला नाही.

"हाल्वर, तो बॉम्ब नव्हता. झाड होतं. त्यांच्यात झाडाला बोम म्हणतात."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी ऐकते. रोज सकाळी."

"ते मला ठाऊक आहे. भोंग्यावर धरतेस त्या फडक्याला तुझ्या तोंडच्या कॉफीचा वास येतो, भांड्यांचा येत नाही."

"म्हातारी विचारत होती, पानं गळली का. बॉम्बला पानं फुटतात होय रे?"

हाल्वर बूट सोडवता सोडवता थांबला. "मग पोलीस आला तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलले असते तर एफीनं विचारलं असतं, तुला कसं कळलं गं? सगळ्यांना समजलं असतं, ट्वेटांची राग्ना कान लावून बसते." तिने चुलीत एक लाकूड सारले. "तेवढंच नाही. माझा एक सापडत नाही आणि तिचे दोन्ही धडधाकट आहेत. मला वाटलं, खणू देत."

"मीसुद्धा एनारसाठीच हात वर केला," हाल्वर म्हणाला.

चार सकाळी गेल्या. सव्वासहाला घंटा वाजली नाही, पण राग्नाचे हात त्या वेळी आपोआप थांबत. पाचव्या दिवशी पहिला बर्फ पडला. खिडकीतून तिने पाहिले : आगाथा रस्त्याने पायी आईकडे निघाली होती, डोक्याला शाल, पोटऱ्यांपर्यंत बर्फ. दोन मैल जायचे आणि गाई पिळायच्या म्हणून दोन मैल परत यायचे. आजींना खोकला झाला होता.

तासाभराने माझ्या घंटांनी आमची खूण वाजवली. राग्नाने झडप घातली. पण ती एफी होती.

"बरं झालं बाई, सकाळची लाइन मोकळी झाली. एनारची काही बातमी?"

"नाही. एफी, बोम म्हणजे झाड."

"काय?"

"पुलाजवळचं झाड. सफरचंदाचं. मी बारा वर्षं रोज ऐकतेय. तूही ऐकतेस. तुझं घड्याळ लंगडतं."

माझ्या पोटात मला एकामागून एक बारीक खटके ऐकू आले. चार घरांनी रिसीव्हर परत ठेवले होते. एफीचा आवाज एकदम मोठा आणि जवळचा झाला.

"माझ्या भावाला त्यांच्याच लोकांनी मारलं, राग्ना."

"त्यांच्या लोकांनी नाही गं. हे रशियातून आलेत."

"भाषा तीच ना? सकाळी उठून ती भाषा कानांवर पडली की ती तार पुन्हा ऐकू येते. पंचवीस वर्षं झाली तरी येते. तू सांग, मी काय करू?"

"ऐकू नकोस," राग्ना म्हणाली. ती हे रागाने म्हणाली नाही. एफी रडत होती. सभेचा निर्णय बदलायचे मात्र तिने कबूल केले नाही, आणि तो तिच्या एकटीच्या हातातही नव्हता.

त्या दुपारी राग्नाने हाल्वरला विचारले, "वाईट वर्षांत खांब कोसळले होते, तेव्हा तू कुंपणाच्या काटेरी तारेवरून फोन चालवला होतास ना?"

"चालवला होता."

"फ्रीझेनांकडून आपल्या शेतातून वीबेंपर्यंत कुंपण सलग आहे का?"

"दोन फाटकं सोडली तर सलग. फाटकांवरून तार उंच न्यायची, खांबांना बाटल्यांचे गळे बसवायचे, म्हणजे तारेतली वीज लाकडात मुरणार नाही. जमेल." मग त्याला तिचा रोख कळला. "कोठारात एक जुना टेलिफोन पडलाय, तो दुरुस्त होईल. पण लागतील दोन."

राग्नाने माझ्याकडे पाहिले. नऊ घरांत स्वतःच्या मालकीचे टेलिफोन थोडेच होते; त्यांतला एक मी.

"मग एनारची बातमी?" हाल्वरने विचारले.

"रस्त्यानं येईल."

"गाव सात मैल आहे. बर्फ वाढला तर चार दिवस लागतील."

"वाईट असेल तर चार दिवस तरी उशिरा येईल. चांगली असेल तर चार दिवसांनीही चांगलीच असेल."

हाल्वर पक्कड शोधायला उठला.

मित्रांनो, पुढे एनारची बातमी आली, आणि ती कोणती होती हेही मला कळले. पण ते मी इथे सांगणार नाही. राग्नाने निर्णय घेतला तेव्हा तिला ते ठाऊक नव्हते, म्हणून तुम्हीही थोडा वेळ ते ठाऊक नसल्यासारखे तिच्याजवळ उभे राहा. आम्हा जुन्या वस्तूंवरची धूळ तुम्ही पुसता, त्याबद्दल मी ऋणी आहे. माझी विनंती मात्र वेगळी आहे. ऐकणे हेही एक काम आहे आणि त्याची निगा राखावी लागते. अर्धवट ऐकलेले पुढे पाठवू नका. आणि पूर्ण ऐकलेले, केवळ आपली लाज राखायची म्हणून, दाबून ठेवू नका. माझ्या तारेवर या दोन्ही चुका झाल्या. पहिलीने एका झाडाची मुळे तुटली. दुसरी अधिक शांतपणे झाली, म्हणून तिचा हिशेब कोणी मागितला नाही. राग्नाने तो स्वतःकडेच मागितला.

कुंपणाचे काम दोन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी गोठ्यातले काम आटोपल्यावर हाल्वरने माझे चार स्क्रू काढले. तीस वर्षांनी मी भिंतीपासून सुटलो. मागे एक फिकट चौकोन राहिला. राग्नाने तिकडे पाहिले नाही. तिने मला घोंगडीत गुंडाळून छातीशी धरले आणि दोघे शेतातून, कुंपणाच्या कडेने चालू लागले. तिचे हृदय माझ्या पेटीच्या लाकडावर आदळत होते. ते फार वेगाने चालले होते.

वीबे आजी स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. हाल्वरने पलंगावरून हात पोहोचेल इतक्या उंचीवर मला ठोकले, कुंपणाकडून आलेली तार खिडकीच्या चौकटीतून आत घेतली, माझ्याशी जोडली आणि भोकात चिंधी कोंबली. दुसऱ्या टोकाचा टेलिफोन त्याने आदल्या दिवशीच बसवला होता. राग्नाने आजींचा हात हातात घेऊन माझ्या हँडलवर ठेवला आणि ते एकदा फिरवून दाखवले. आजी तिच्याकडे बघून काही तरी म्हणाल्या. राग्नाने मान हलवली. तिला समजले होते.

भिंतीतून पडलेला भुसा तिने हाताने गोळा केला, चुलीत टाकला आणि शाल घेतली. हाल्वरने दार उघडून धरले. आदल्या दिवशी ठरवलेल्या वेळी आगाथा घंटा वाजवणार होती; त्याला अजून काही मिनिटे होती. ती वाजण्याआधीच दोघे आवाराबाहेर पडले आणि बर्फातून घराकडे चालत गेले.